आईसाठी वाढलेलं ताट

आई मंगळवारी सकाळी गेली. मी चहा ठेवला, हाक मारली, ती उठली नाही. दुपारी चर्चचे पाळक आले. दुसऱ्या दिवशी तिला दफन केलं.

त्या दिवसाबद्दल याहून जास्त मला अजून लिहिता येत नाही. लिहायचं आहे ते पुढच्या काही दिवसांबद्दल, आणि आमच्या ओट्यावर बसणाऱ्या फुलवाल्या मावशींबद्दल.

आमचं घर मखमलाबाद रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीत आहे. गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकच. आई मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची, मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. मावशींचा मळा पुढे कालव्याच्या बाजूला आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. रोज सकाळी त्या टोपली घेऊन निघायच्या आणि पंचवटीत पोचायच्या आत हार ओवून तयार ठेवायच्या. पूर्वी त्या कोपऱ्यावरच्या एका दुकानाच्या पायरीवर बसत. दुकानदाराने पायरीला नवी फरशी बसवली आणि त्यांना उठवलं. आई दूध घेऊन येत होती, तिने ते पाहिलं आणि म्हणाली, "आमच्या ओट्याला जुनीच फरशी आहे. ये, बस."

त्या बसल्या त्या बसल्याच. आई चहा द्यायची, मग स्वतःची सुई आणि दोऱ्याचं रीळ घेऊन शेजारी बसायची. शिवणाच्या बाईच्या हाताला रिकामं बसणं जमत नसे. असे आमच्या ओट्यावर ओवलेले हार रोज देवळांच्या गल्लीत जात. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या काहींना हे खटकायचं. कुणी विचारलं तर आई सांगायची, "फुलं त्यानंच केलीत. मी नुसता दोरा घालते."

आणि ओवता ओवता ती येशूच्या गोष्टी सांगायची. पत्रकं वाटणं, वाद घालणं यातलं तिने कधी काही केलं नाही. काल शेजारच्या गल्लीत घडलेलं सांगावं तसं सांगायची. मी आत पेपर वाचत बसलेली असे आणि खिडकीतून ऐकत असे.

"एक बाई भर दुपारी विहिरीवर पाण्याला आली," आईने एकदा सुरुवात केली.

"भर दुपारी?" मावशींनी लगेच पकडलं. "म्हंजे गावातल्या बायकांची तोंडं चुकवत आसंल ती."

"तेच तर. आणि तिथे येशू बसलेला. तिला म्हणतो, मला प्यायला पाणी दे."

"बाई, तुमचा देव पाणी मागतो, आमचे दूध मागत्यात. तुमचा परवडतो बघा."

"पाणी मागत मागत घरात शिरतो तो. मग निघत नाही."

"मंग नकोच. घरात आधीच सासू हाय."

दोघी हसायच्या. आईची गोष्ट अशी हसण्यात कुठेतरी अर्धवट राहायची आणि टोपली भरली की मावशी उठायच्या. दरवर्षी आई म्हणायची, "यंदा नाताळला मंडळीत ये गं." मावशी म्हणायच्या, "येते की. मार्गशीर्षाचे गुरुवार तेवढे सरू द्या, लय मागणी आसती फुलांना." गुरुवार सरायचे, नाताळ जायचा. आईने कधी टोचून विचारलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बोलवायची.

मी स्वतः असं कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. माझा विश्वास खरा होता, आहे. पण तो माझ्या पुस्तकांसारखा कपाटात राही. कुणी मागितला तर काढून द्यावा, असा. मागायला कुणी येत नसे.

दहाव्या दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तर मावशी तिथे उभ्या होत्या. जिना बाहेरून आहे, त्या कधी चढल्या मला कळलंही नव्हतं. कठड्यावर स्टीलचं ताट. त्यात भात, वरण, पुरी, शेवयांची खीर आणि आईला आवडायची ती शेपूची भाजी. मावशींनी डोक्यावर पदर घेतला होता, हात जोडले होते. समोर पाण्याच्या टाकीवर एक कावळा बसला होता.

मला पाहून त्या ओशाळल्या. "रामकुंडावर करायचं आसतं दहाव्याचं. पन तुमच्यात चालत नाय म्हनून हितंच आनलं. पत्रावळीत वाढायचं आसतं, पन बाईंना पत्रावळीत वाढवंना मला."

मी कपड्यांची बादली खाली ठेवली. त्यांनी पहाटे उठून रांधलं होतं.

त्या पुन्हा कावळ्याकडे वळल्या. "बाई, ताईला मी बघते. उपाशी ऱ्हाऊ द्यायची नाय." कावळा बसून राहिला. "ओटा सारवल्यावानी सोच्छ ठेवीन." कावळ्याने मान वळवली. गेलेल्या माणसाचं मन कशात तरी अडकलं असेल तर कावळा शिवत नाही, मग घरचे एकेक वचन देत राहतात, हे नाशिकमध्ये वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मी रामकुंडाच्या घाटावर उभी राहून शेजाऱ्यांच्या दहाव्यांना अनेकदा हे ऐकलं आहे. माझ्या आईसाठी ते ऐकेन असं वाटलं नव्हतं.

मावशींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग फार हळू म्हणाल्या, "बाई, मंडळीत येते मी. या नाताळला खरंच येते."

कावळा ताटाला न शिवताच उडाला आणि शेजारच्या नारळावर जाऊन बसला.

 मावशी गच्चीवरच खाली बसल्या. "माझ्यात अडकल्यात त्या, ताई. इतकी वर्सं बोलवलं, मी गेले नाय. आता त्यांना विश्वासच बसंना माझ्यावर. मला रविवारी न्या. मी तुमचं काय आसंल ते सगळं करते. बाई सुटल्या पायजेत."

मी त्यांना खाली आणलं, पाणी दिलं, रविवारचं नंतर बघू म्हटलं. संध्याकाळी ताट रिकामं दिसलं. कावळ्याने खाल्लं, खारीने की मांजराने, कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळीतल्या एक ज्येष्ठ बाई भेटायला आल्या. मी त्यांना हे सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. "अगं, तुझ्या आईच्या प्रार्थनेचं उत्तर आहे हे. दार उघडलंय. रविवारी घेऊन ये तिला, उशीर करू नकोस."

त्या मनापासून बोलत होत्या. मला रात्रभर तेच ऐकू येत राहिलं. आईने जे इतकी वर्षं मागितलं ते माझ्या एका होकारावर आलं होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं मला चांगलं जमतं. मावशी रविवारी आल्या असत्या, बाकावर बसल्या असत्या, सांगितलं ते सगळं केलं असतं. आणि त्यांच्या मनात येशू म्हणजे आईला अडकवून ठेवणारा कुणीतरी झाला असता.

सकाळी मावशी ओट्यावर आल्या नाहीत. मी ताट घासलं. रिकामं कसं द्यायचं म्हणून दारातल्या झाडाचे पेरू त्यात ठेवले आणि मळ्यात गेले. मावशी वाकून झेंडू तोडत होत्या.

"रविवारचं सांगायला आलात?" त्यांनी न बघताच विचारलं.

"हो. आईसाठी येऊ नका."

त्या उभ्या राहिल्या.

 पुस्तकातली सगळी वाक्यं आठवत होती आणि एकही उपयोगाचं वाटत नव्हतं. मी म्हटलं, "आई अडकलेली नाही, मावशी. आमचा तसा विश्वास आहे. तिच्याकडून जे राहिलं, जे चुकलं, त्याचं सगळं येशूने स्वतःच्या अंगावर घेतलं. तो मेला आणि परत उठला. आई त्याच्याजवळ आहे. तिला सोडवायचं काम तुमचं नाही, माझंही नाही. कावळ्याचंही नाही."

"कशावरून?"

"मला तिथलं दिसत नाही. पण मी तिला मातीत ठेवून आले, ते याच भरवशावर. नाहीतर मला घरी परत येता आलं नसतं."

हे मी याआधी कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं. म्हणताना मला रडू आलं. मावशींनी फुलांचा ओला हात पदराला पुसला आणि माझ्या पाठीवर ठेवला.

"मंग बाई मला दर साली कशापायी बोलवायच्या?"

"तिला जे मिळालं ते तुम्हाला मिळावं म्हणून. तुम्हाला हवं असेल तर. भीतीने नको."

त्यांनी पेरू ओटीत घेतले, ताट बाजूला ठेवलं. शेवंतीच्या वाफ्यातलं एक वाळलेलं फूल खुडून टाकलं. मग म्हणाल्या, "तर मंग मी रविवारी येत नाय."

"बरं."

"राग आला?"

"नाही."

घरी येताना मला वाटलं, आईने इतक्या वर्षांत जे जोडलं ते मी एका सकाळी तोडलं. मंडळीतल्या त्या बाईंनाही तसंच वाटलं. तसं त्या म्हणाल्या नाहीत, पण पुन्हा विचारलंही नाही.

सोमवारी सकाळी ओट्यावर टोपली वाजली. मी चहा नेला. आईचं रीळ खिडकीत होतं, तेही नेलं. मला आईसारखं ओवता येत नाही, माझी सुई देठाऐवजी पाकळीतून जाते. मावशींनी माझा हार उचलून पाहिला. "देव आंधळा आसंल तर चालंल हा," म्हणाल्या आणि बाजूला ठेवला. थोड्या वेळाने त्यांनी मान वर न करता विचारलं, "ती भर दुपारी पान्याला आलेली बाई. पुढं काय झालं तिचं? बाईंनी कवा पुरं सांगितलंच नाय."

मी सांगितलं. अडखळत, आईपेक्षा फार वाईट. शेवटी ती बाई घागर तिथेच टाकून गावात पळाली, ज्या लोकांची तोंडं चुकवत होती त्यांनाच बोलवायला, हे ऐकून मावशींचे हात थांबले.

"घागर इसरली?"

"हो."

"मंग कायतरी मिळालं आसंल तिला," त्या म्हणाल्या आणि गाठ मारली.

नाताळला त्या मंडळीत आल्या नाहीत. मार्गशीर्षाची गर्दी होती. पहाटे दारात पांढऱ्या शेवंतीची परडी ठेवून गेल्या, ती फुलं मी आईच्या कबरीवर वाहिली.

आई नाही. तिचं रीळ संपलं, मी दुसरं आणलं. मावशी अजून ख्रिस्ती नाहीत आणि होतील की नाही मला माहीत नाही. मी रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करते. सकाळी त्या येतात, मी चहा करते, आणि आम्ही ओवत असताना मी एक गोष्ट सांगते.