ड्रॅगनचा बोगदा

इंदूरजवळच्या पाताळपाणीच्या घाटातून जाणाऱ्या सहलीच्या गाडीत त्या बाई माझ्यासमोर बसल्या होत्या. साठीच्या असतील, मांडीवर सेव-परमलची, म्हणजे शेव-कुरमुऱ्यांची, पिशवी. बोगदा आला की इंदूरकर किंचाळतात, तसा आमचा डबाही किंचाळू लागला. बाई सगळ्या डब्याला इंदुरी थाटात म्हणाल्या, "भिया, चुप! ड्रॅगन जागा होईल." आणि सगळे खरंच गप्प झाले.

निजलेल्या ड्रॅगनच्या गुहेतून प्रवासी श्वास रोखून जातात, अशी एक कादंबरी मी तरुणपणापासून पुन्हा पुन्हा वाचतो आहे. तिच्यातल्यासारखी दरी परदेशात आहे म्हणून तिथेही जाऊन आलो, त्यावर व्याख्यानं दिली. त्या व्याख्यानांत कुणीही श्वास रोखला नव्हता, आणि इथे बाईंच्या एका वाक्यावर अख्खा डबा गप्प. माझा जळफळाट झाला.

उजेडात आल्यावर मी बाईंना माझा परदेश ऐकवला.

"अरे बाप रे, इतक्या दूर! मग तिथे तो होता?"

"तिथे तिकिटाची रांग होती."

"मग आपलाच घाट असली," म्हणत त्यांनी सेव पुढे केली.

पुढच्या बोगद्यात मी कान देऊन ऐकलं. मला फक्त चाकांचा खडखडाट ऐकू आला. समोरच्या अंधारात बाई समाधानाने पुटपुटल्या, "झोपलाय अजून."