दुसऱ्या पत्राची वाट

"सायबाचं दुसरं पत्र आलं आसतं, तर म्हातारा आनिक दोन वर्सं तरी टिकला आसता गड्या."

सतरंजी उलगडता उलगडता एक हमाल दुसऱ्याला म्हणाला. मी खांबाच्या पलीकडे होते, त्यांना दिसत नव्हते. "त्यास्नी काय पडलंय? च्या पिला, फोटू काढला, इसारलं," दुसरा म्हणाला. मग दोघांनी सतरंजी झटकली आणि हळद उडाली. सांगलीजवळ कुपवाडच्या त्या हळदीच्या शेडमध्ये काहीही झटकलं तरी हळदच उडते. दुपारी तिथं मामांची शोकसभा होती. त्यांना जाऊन तेरा दिवस झाले होते. त्याच शेडमध्ये हळदीच्या पुडीची पोती मोजता मोजता ते खाली बसले होते, ते उठले नाहीत...

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. मूळचे कडेगावकडचे, शाळा चौथीपर्यंत. सांगलीत येऊन त्यांनी हळद पिकवणाऱ्यांची एक छोटी सोसायटी उभी केली आणि शेवटपर्यंत तिचे सेक्रेटरी राहिले; तिथं सगळे त्यांना अण्णा म्हणत. माझे वडील लष्करात, सारख्या बदल्या, म्हणून मी पाचगणीच्या इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात वाढले आणि सुट्टीत मामांकडे यायचे. ते स्टँडवर घ्यायला यायचे तेव्हा धोतरावर, कोटाच्या बाहीवर पिवळे डाग असायचे. माझ्या वर्गातल्या दोघी त्याच एसटीनं पुढे मिरजेला जात. मी घाईनं खाली उतरायचे आणि गाडी हलेपर्यंत मामांशी बोलायचे नाही. त्यांना ते कळत असावं. ते ट्रंक खांद्यावर घेऊन माझ्या दोन पावलं मागून चालायचे. आता त्या रस्त्यानं जाताना मी उगाच हळू चालते.

एका सुट्टीत त्यांनी मला हळदीचा सौदा दाखवायला नेलं. ढिगातलं हळकुंड उचलून ते कानाशी मोडायचे. नीट वाळलेलं असलं तर कट्टकन आवाज येतो. मग अडत्या आणि खरेदीदार हातात हात देत, वर रुमाल टाकत आणि आत बोटं दाबून भाव ठरवत. भोवती इतकी माणसं, पण कोण काय बोललं ते कुणालाच कळत नव्हतं. मला ते फार विचित्र वाटलं. मी म्हटलं, "मामा, हे उघड का नाही करत?" ते हसले. "व्हईल कवातरी उघड. पर रुमालाखाली का आसंना, बोटं दोघांची आसत्यात, पोरी. त्यो दाबतो, आपुन बी दाबतो."

कॉलेज संपल्यावर मी सांगलीतच राहिले आणि सोसायटीची इंग्रजी पत्रं लिहू लागले. मामांनी तेव्हा नुकतीच दळपाची गिरणी घातली होती. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या जत-आटपाडीकडच्या पंचवीसेक बाया तिथं हळद निवडत, दळत, चाळत. पूड परदेशी पाठवायची, असं मामांच्या मनात होतं. तिकडच्या एका श्रीमंत देशातल्या व्यापाऱ्यांना मी पत्रं लिहिली. उत्तरं सभ्य होती आणि सगळी एकाच अर्थाची: अख्खी हळद पाठवा, तिच्यावर आमच्याकडे कर नाही, पुडीवर आहे, आणि तो भारी आहे. मी वाचून दाखवलं तेव्हा मामांनी पत्र हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाले, "मंजी कर हळदीवर न्हाई. कर ह्या बायांच्या हातावर हाय." अख्ख्या हळदीला मिळणाऱ्या भावात भागवायचं तर माणूस त्याच रानात पुन्हा पुन्हा हळद लावतो, रान बसतं, त्याचा कस जातो. पूड विकली गेली तर थोडक्या रानात भागेल, राहिलेल्या रानाला सालभर विसावा देता येईल, पाणीही कमी उपसावं लागेल. हे सगळं ते मला भाकरी खाता खाता सांगत. पुढे मोठमोठ्या परिषदांमध्ये गरीब देश हेच मागत आहेत असं मी वर्तमानपत्रात वाचलं, तेव्हा आधी मामांच्या ताटाची आठवण झाली.

आणि मग त्याच देशाच्या व्यापार खात्यातले एक पाहुणे सांगलीला आले. बाजार बघून झाल्यावर ते आमच्या शेडमध्ये पंधरा मिनिटं थांबणार होते. मामांनी कोट धुऊन घेतला होता. नारळ दिला, चहा झाला, आणि मामा उभे राहिले. "सायेब, आमच्याकडं रुमालाखाली भाव करत्यात, पर बोटं दोघांची आसत्यात. तुमी पुडीवर कर लावला, तवा आमचं बोट कुणी धरलं हुतं? ह्या बायांनी दळायचं न्हाई, आसं कुणी ठरवलं? एवडं इचार ग पोरी त्यास्नी."

सगळे माझ्याकडे बघत होते. पाहुणे हसतमुखानं वाट बघत होते. मला एकदम शाळेतला दिवाणखाना आठवला, पाहुण्यासमोर कसं बोलायचं हे तिथं शिकवलेलं आठवलं, मामांच्या बाहीवरचा न गेलेला डाग दिसला... आणि मी इंग्रजीत म्हणाले, की आपण आलात याचा मामांना फार आनंद झाला आहे, आमची पूड उत्तम असते, तिचा आपल्या देशानं विचार करावा अशी त्यांना आशा आहे. "नक्की, मी लिहीन," पाहुणे म्हणाले. मामांनी विचारलं, "काय म्हनत्यात?" मी सांगितलं, "पत्र पाठवतो म्हणाले."

महिन्याभरानं पत्र आलं. पाहुणचाराचे आभार होते आणि सोबत एक फोटो. मामांनी ते तीनदा वाचायला लावलं. "आन् कराचं?"

"त्याबद्दल काही नाही."

"तपासत आसतील. लय मोठं खातं आसतंय त्ये." मग रोज अकराच्या सुमाराला ते शेडच्या दारात येऊन उभे राहू लागले. पोस्टमन लांबूनच हात हलवून नाही म्हणायचा. बाया चेष्टा करत, "आवं अण्णा, सायेब पायी निघाल्यात, थांबा की वाईच." मामाही हसत. दोन वर्षं... मी आत टाइपरायटरवर बसलेली असायचे. सांगावंसं रोज वाटायचं. रोज वाटायचं, आज नको.

शोकसभेत सोसायटीचे अध्यक्ष जाधवकाका बोलले. म्हणाले, "अण्णांनी सायबाला तोंडावर इचारलं. पर श्रीमंत देशाचा मानूस, त्येनं उत्तर सुदिक दिलं न्हाई." बायांनी माना हलवल्या. मामींनी पदर तोंडाला लावला. मी मागं, भिंतीशी बसले होते.

सभेनंतर त्या पाहुण्यांना मी पत्र लिहिलं, मामांचीच वाक्यं, बोटांसकट. अजून उत्तर नाही. कदाचित येणारही नाही. कर एका पत्रानं उठत नसतो, हे मलाही कळतं. अकरा वाजता मी दारात जाते. पण शोकसभेच्या त्या दुपारी पत्राचं काही मनात नव्हतं. मी उठून कशी उभी राहिले ते आठवत नाही. एवढं आठवतं की आवाज माझा वाटत नव्हता, आणि मामींकडे बघूनच बोलले.

"पाहुण्यांना दोष देऊ नका. मामांनी विचारलं ते त्यांना कळलंच नाही, कारण मी ते सांगितलं नाही. मी नुसते आभार मानले. मला मामांच्या बोलण्याची लाज वाटली होती."