आबा अंगणात थांबले

बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या एस.टी.तून मी ट्रंक घेऊन उतरले, तेव्हा चिंचेखाली एक उंच, सावळा माणूस हात मागे बांधून उभा होता. माझ्याच गाडीतून, माझ्या आधी उतरलेला. बाकीची माणसं आपापल्या वाटेला लागली, गाडी धूळ उडवत निघून गेली, तरी हा तिथेच. बराच वेळ झाला तेव्हा मी धीर करून विचारलं, "कोणाची वाट बघताय का?"

"माजीच," तो म्हणाला. "पालघरला पानाच्या टोपल्या देऊन आलो. अंग आलं, मन अजून टेसनातच हाय. येल आता."

मी वेड्या माणसाच्या नादी लागले की काय, असं वाटून मी ट्रंक उचलली. तेवढ्यात तो हसला. "आलं. चला बाई. आमच्याच घरी राहायचंय तुमाला. शाळेचा निरोप आलता."

हे गोविंदआबा. साठ सालानंतरची ती वर्षं. तारापूरला विजेच्या मोठ्या प्रकल्पाचं काम सुरू होत होतं, खडी आणि सिमेंट भरलेले ट्रक आमच्या रस्त्याने धावायचे. मी नाशिककडची, प्राथमिक शाळेत नव्याने लागलेली. आबांच्या घराच्या पडवीशेजारची खोली मला मिळाली. घरात आबा आणि हिराकाकी दोघंच. एकुलती मुलगी कुसुम लग्न होऊन पालघरला गेलेली.

घरामागे आबांचा पानमळा होता. विड्याच्या पानांचे वेल, वर सावलीला झावळ्यांचं छप्पर, आत भर दुपारीसुद्धा हिरवा गारवा. मळ्यात चपला घालून जायचं नाही, हा तिथला नियम. आबा मात्र चपला काढून दाराशी जरा थांबत आणि मगच आत पाऊल टाकत. पान खुडताना ते बोलत नसत, जेवताना बोलत नसत. रहाट ओढताना कोणी हाक मारली तर पोहरा वर येईपर्यंत उत्तर मिळायचं नाही.

काकींना याचा भारी वैताग. "ह्यांचं मन पायी चालत येतं," त्या मला सांगत, "आनि चहा मातर गरम पायजे! आता मी चूल कितीदा पेटवू?" काकी ठेंगण्या, गोऱ्या, तोंडाने फटकळ. बोलता बोलता त्या भाकरी थापत, वाल सोलत, कोंबड्या हाकलत आणि माझ्या केसांना तेलही लावत. आबा शांत बसलेले असले की त्या मुद्दाम भांड्यांचा आवाज करायच्या. आबा डोळे न उघडता म्हणायचे, "आयकतोय." आणि दोघंही हसायची.

आबांच्या ओटीवर माणसं येत. भावाशी भांडून आलेला, सासूने बोललं म्हणून रडत आलेली, झोप लागत नाही म्हणणारा. आबा कोणाला उपदेश करत नसत. कोणी पाया पडू लागलं तर पाय आखडून घेत. "मी काय बुवा नाय. वेलाला पानी घालतो, झालं." आलेल्याला ते शेजारी बसवत आणि आपणही बसून राहत. थोड्या वेळाने म्हणत, "राग आला तर आला. तू त्याच्या मागं जाऊ नको. कुठं चाललाय ते त्यालाच ठाव नसतं." एवढंच. माणूस उठून जायचा तो हलका होऊन.

मला पहिल्या वर्षी फार काळजी वाटायची. घरी वडील आजारी, इथे वर्गात माझं कोणी ऐकेना, आणि सायंकाळ झाली की छातीत धडधडायचं. आबांनी एका रविवारी मला मळ्यात नेलं आणि पानं खुडायला लावलं. मी भराभर खुडू लागले. ते म्हणाले, "हातात हाय त्या पानाला बगा. फुडचं पान कुठं पळून जात नाय." मला तेव्हा ते फार सोपं वाटलं, आणि करायला गेले तर अजिबात जमेना. पण सकाळभर तिथे राहिले आणि घरी येऊन भूक लागली म्हणून जेवले. कित्येक दिवसांत तशी भूक लागली नव्हती.

पुढे काकींचं बिघडायला लागलं ते मिठापासून. आमटीत दोनदा मीठ, मग एक दिवस मीठच नाही. मग त्या चुलीवर भांडं ठेवून विसरू लागल्या. मला कुसुम म्हणून हाक मारू लागल्या. वय झालं, असं आम्ही समजलो. काकी स्वतःच त्यावर हसत, "डोकं उंदरानं खाल्लं माजं."

आणि मग एके दुपारी मी शाळेतून आले तर त्या दाराआड उभ्या. माझा दंड धरून कुजबुजल्या, "बाई, वटीवर कोन बाप्या बसलाय तो? त्याला जायला सांगा."

ओटीवर आबाच होते. मला वाटलं, नेहमीची थट्टा. आबांनाही तसंच वाटलं. ते हसत उठून आत आले, म्हणाले, "काय गं, चहा देशील का पावण्याला?"

काकी किंचाळल्या. माझ्या मागे लपल्या. आबांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे राहून गेलं, पुसायचं विसरल्यासारखं.

सायंकाळी त्या पुन्हा नीट झाल्या. आबांना भाकरी वाढली, फटकळ बोलल्याही. आबा जेवले नाहीत, त्यांच्याकडे बघत राहिले. पण तशी दुपार पुन्हा आली. मग रोज येऊ लागली. मग दुपार आणि सायंकाळ यांत फरक उरला नाही. काकी मला ओळखत, निदान कोणीतरी आपली मुलगी म्हणून. शेजारच्या बायकांना घाबरत नसत. भिकाऱ्यालाही घाबरत नसत. घाबरत फक्त आबांना.

आम्ही त्यांना पालघरला डॉक्टरकडे नेलं. बोईसरपर्यंत बैलगाडी, पुढे आगगाडी. काकी माझ्या कुशीत बसल्या होत्या. आबा डब्याच्या दुसऱ्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून, काकींना त्यांचं तोंड दिसू नये म्हणून. स्टेशनावर कुसुम आली होती. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी बराच वेळ तपासलं, काकींना साधे साधे प्रश्न विचारले. मग आबांना बाजूला घेऊन म्हणाले, "हा म्हातारपणाचा आजार आहे. याला औषध नाही. वाढतच जाणार."

आबांनी मान हलवली. मग विचारलं, "डाक्टरसायेब, मी समोर आलो की ती घाबरते. मी किती हळू यावं?"

 डॉक्टरांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. "समोर येऊ नका," ते म्हणाले.

त्या दिवसापासून आबा पानमळ्यातल्या खोपीत राहू लागले. कुसुम अधूनमधून येऊन राहायची, पण तिची मुलं लहान होती, तिला परत जावं लागायचं. शेजारची एक बाई दिवसभर थांबायची, शाळा सुटली की मी. काकी दुपारी झोपल्या की आबा मागच्या दाराने येत. पाणी भरून ठेवत, लाकडं फोडून रचत. मग झोपलेल्या काकींच्या पायाशी, भिंतीला टेकून बसत. त्यांनी कूस बदलली की चोरासारखे उठून जात. स्वतःच्या घरातून.

त्यांनी ओळख पटवायचाही प्रयत्न केला. लग्नातला काळा कोट पेटीतून काढला, टोपी घातली आणि अंगणातून हळूच हाक मारली, "हिरे." काकींनी हातातला तांब्या फेकून मारला. कपाळाला खोक पडली. मी हळद दाबत होते तेव्हा ते म्हणाले, "नेम चांगला हाय अजून." मग ते माझ्याकडे पाठ करून बसले.

माणसं अजूनही यायची. आता ओटीऐवजी मळ्यात. कोणाचं लग्न मोडलं, कोणाचा मुलगा घर सोडून गेला. आबा त्यांच्याजवळ बसत. एकदा एक माणूस उठता उठता म्हणाला, "आबा, तुमच्या जवळ बसलं की कसं शांत वाटतं." मला ते ऐकवेना. घरात काकी "तो आला, तो आला" म्हणून दाराला कडी घालून बसल्या होत्या आणि इथे लोक शांती घेऊन जात होते. तो गेल्यावर मी रागाने म्हणाले, "आबा, तुम्ही एवढे शांत कसे बसू शकता?"

"मी शांत नाय, बाई." त्यांचा आवाज चढला. मी तो कधी चढलेला ऐकला नव्हता. "मला कुठं जायाचं ते कळत नाय म्हनून बसलोय. घरात जाता येत नाय, घर सोडून जाता येत नाय. तुमीच सांगा कुठं जाऊ!" ते उभे राहिले, वेलांच्या रांगेतून शेवटापर्यंत चालत गेले आणि तिथेच, मला पाठमोरे, किती तरी वेळ उभे राहिले. 

त्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी, मी शाळेतून आले तर पडवीत शेजारीण डुलक्या घेत होती आणि काकी घरात नव्हत्या. मी धावत मागे गेले. काकी मळ्यात होत्या. अनवाणी, पदर डोक्यावरून नीट घेतलेला. आबा खाली बसून खुडलेली पानं टोपलीत लावत होते, आणि काकी त्यांच्यासमोर जाऊन टेकल्या होत्या. किंचाळत नव्हत्या. मी वेलाआड थांबले.

"बाबा," काकी म्हणाल्या, "आमचे हे दिसले का तुमाला? टोपल्या घेऊन पालघरला गेले ते आलेच नाय."

आबांच्या हातातली पानं तशीच राहिली. एवढ्या महिन्यांनी त्या त्यांच्याकडे बघून बोलत होत्या. मला वाटलं, आता ते सांगतील, मीच तो. तोंड उघडलंही त्यांनी. मग मिटलं.

"दिसले," ते म्हणाले. "येतात."

"बरे हायत ना?"

"बरे हायत. तुमची आठवन काडतात."

काकींना बरं वाटलं. त्या थोडं पुढे सरकल्या, आवाज खाली आणला. "त्यांना सांगा, लवकर या. घरात एक मानूस शिरतो. मला लय भ्या वाटतं."

"सांगतो," आबा म्हणाले. "तुमी भिऊ नका. मी सांगतो त्यांना."

मी पुढे होऊन काकींचा हात धरला. त्या शहाण्या मुलीसारख्या उठल्या. जाताना मागे वळून म्हणाल्या, "विसरू नका हां, बाबा." मी वळून पाहिलं तेव्हा आबा तसेच बसले होते, पानं हातात घेऊन.

तशा त्या आणखी एकदोनदा मळ्यात गेल्या. एकदा पुन्हा तेच विचारलं, एकदा आबांना बघताच ओरडत परत आल्या. मग पायच चालेनात आणि त्यांनी अंथरूण धरलं.

शेवटी थंडीचे दिवस होते. कुसुम येऊन राहिली होती. काकींच्या घशात घोटही उतरत नव्हता. त्या सकाळी श्वास मोठमोठ्याने येऊ लागला तशी कुसुमने आबांना बोलावलं. ते आले आणि दाराच्या चौकटीत उभे राहिले. काकींची नजर त्यांच्याकडे गेली. आता ओरडण्याचं बळ नव्हतं. त्यांनी फक्त मान भिंतीकडे फिरवली आणि घशातून बारीक आवाज निघाला, लहान मुलं झोपेत घाबरतात तसा. त्यांनी माझी बोटं घट्ट धरली.

आबा मागे सरले.

"आबा, या ना आत," कुसुम रडत म्हणाली. "आता तिला काय कळतं?"

"भ्या कळतं," आबा म्हणाले. "तेवढं कळतंय तिला अजून."

ते अंगणात जाऊन उभे राहिले. शेजारपाजारचे लोक जमले होते. कोणी तरी त्यांचा दंड धरून आत न्यायला बघितलं, पण ते हलले नाहीत. उन्हं ओट्यावर चढली. काकींची माझ्या बोटांवरची पकड सैल झाली, आणि कुसुमने हंबरडा फोडला.

तेव्हा आबा आत आले. कोणाकडे न बघता काकींच्या उशाशी बसले. त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारले, मग तळहात तिथेच ठेवला. "आता भिनार नाय," ते म्हणाले. त्यांना उठवायला कोणी पुढे झालं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. निघायच्या सकाळी मी मळ्यात निरोप घ्यायला गेले. आबा वेल बांधत होते. मी जवळ बसले. मनात होतं ते अखेर विचारलं. "आबा, एवढी वर्षं तुम्ही मन जागेवर ठेवायला शिकलात. आम्हालाही शिकवलंत. त्याचा काय उपयोग झाला?"

 त्यांनी हातातली गाठ पुरी केली.

"मला वाटायचं, मन जाग्यावर असलं की दुखत नाय," ते म्हणाले. "तसं नसतं, बाई. माजं मन जाग्यावरच होतं. दुखलं ते पन जाग्यावरच दुखलं. सगळं दुखलं, काय पन सुटलं नाय."

"मग?"

"मग काय नाय. तिला माजं भ्या वाटायचं, ते मी कमी करू शकलो नाय. लांब राहिलो, तेवढंच माज्या हातात होतं. पन पळून नाय गेलो." पुढचा वेल हातात घेत ते म्हणाले, "हे कोनाला शिकवू नका. शिकवन्यासारखं नाय."

मी वाकून नमस्कार केला. या वेळी त्यांनी पाय आखडून घेतले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो ओल्या मातीने माखलेला होता, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं आणि त्यांनी आपल्या धोतराच्या सोग्याने माझे केस पुसले.