सोमवारची सुशी

सोमवारी सुशी स्वस्त का असते, हे हॉटेलात जाऊन बसेपर्यंत माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

कर्जत-चौक रस्त्यावर फार्महाउसवाल्यांसाठी ते नवं जपानी हॉटेल उघडलं होतं. बाहेर भला मोठा बोर्ड: दर सोमवारी, दुपारी, एकाच स्वस्त दरात हवं तेवढं खा. मी मोहोपाड्याला एका दवाखान्यात नर्स होते. जाता-येता स्कूटीवरून तो बोर्ड दिसायचा. सुट्टी माझी सोमवारची. म्हटलं, आईला इथंच घेऊन यायचं आणि एकदाचं सांगून टाकायचं.

सांगायचं हे होतं की मला जपानला नोकरी लागली होती. म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची, तीन वर्षं. दीड वर्ष मी पनवेलला जपानी शिकायला जात होते आणि आईला सांगत होते की नर्सिंगचा पुढचा कोर्स करतेय. बाबा गेल्यापासून दहिवलीच्या घरात आम्ही दोघीच. आता निघायला महिना उरला होता आणि माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. चार माणसांत बसलं की आई रडणार नाही, एवढाच माझा हिशेब. नीच विचार, पण केला खरा.

चार माणसं कसली आलीत! अख्ख्या हॉटेलात चिटपाखरू नव्हतं. टेबलं पुसत उभा असलेला वेटर खुशीत आला. दोघींच्या नावानं सुशीच्या दोन मोठ्या ताटल्या आणून ठेवल्या, आणि ताटात टाकलंत तर वेगळे पैसे पडतील, हेही गोड आवाजात सांगितलं.

"आज एवढं रिकामं कसं?" मी विचारलं.

"सोमवारी मासे कोण खातंय मॅडम? म्हणून तर स्कीम आहे."

मी आईकडे बघितलं. आई पाण्याचा ग्लास धरून बसली होती. दीड वर्ष ती सोमवार करत होती. मासे राहू द्या, संध्याकाळी दिवा लागेपर्यंत भाताचं शीतसुद्धा तोंडात घालत नसे. दर सोमवारी तिच्यासाठी राजगिऱ्याचे लाडू मीच आणायचे. आणि मीच तिला मासे आणि भात खायला घेऊन आले होते! दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी तिला वेड्यात काढलं असतं.

"आई, तुझा उपास!"

"हाय ना."

"मग घरीच सांगायचं ना!"

"तू येवढी नटूनथटून निघालीस, कशाला मोडता घालू? तू खा गं. मी बसते."

"उठूया आपण."

"बस खाली. मांडलेल्या पानावरून उठतात व्हय?"

झालं. मी खायला लागले. दोघींचं. एक घास संपतोय न संपतोय तोवर आई पुढचा माझ्याकडे सरकवत होती. एक तुकडा तिनं नाकाजवळ नेला, बोटानं दाबून बघितला. "भात गिच्च झालाय. पाणी जास्त घातलं बाईनं."

"तसाच करतात तो."

"मुद्दाम?" तिला ते काही पटलं नाही.

माझा पाय टेबलाखाली थडथड हलत होता. आता सांगते, हा घास संपला की सांगते, असं करत मी सहा-सात घास गिळले असतील. चव काय होती ते देवाला ठाऊक. शेवटी आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बसल्या जागी पाय हलवू नये. काय झालंय?"

मग मी तोंडातल्या घासासकट सांगून टाकलं. जपान, तीन वर्षं, पुढच्या महिन्यात. क्लासबद्दल खोटं बोलले तेही. सांगताना मला तिचाच राग येत होता, का ते आजही कळत नाही. बहुतेक ती ओरडत नव्हती म्हणून.

आईनं तिची ताटली माझ्याकडे सरकवली.

"तिकडच्या म्हाताऱ्यांना पोरी नायत?"

"असतात. लांब असतात," एवढंच म्हटलं आणि म्हटल्याबरोबर जीभ चावली.

ती हसली. रागानं नाही, खरंच हसली. मग पदराला हात पुसत म्हणाली, "हे सोमवार कशापायी धरलेले, ठावं हाय? तुझ्यापायी. तू रात्ररात्र वह्या घेऊन बसायचीस, धड जेवायची नायस. इचारलं तर कायपण सांगायचीस. म्हटलं, काय हाय ते हिलाच ठावं. देवाला म्हटलं, पोरीच्या मनात काय असंल ते होऊ दे."

मी खाली बघितलं. ताटलीत अजून चार तुकडे होते.

"झालं बघ," ती म्हणाली. "आयकलं त्यानं."

"आई, मी नाही जात."

"गप गं. माझे दीड वर्साचे उपास फुकट घालवतेस काय? खा ते, नायतर पैसे घेईल तो वेटर."

मी खाल्लं. चारही. वेटरनं विचारलं, आणखी काही आणू का. मी मानेनंच नको म्हटलं.

स्कूटी काढताना मी म्हटलं, "आता नवस फळला ना? मग पुढच्या सोमवारपासून सोड उपास. एकटीनं उपाशी राहू नकोस."

आई मागे बसली. माझ्या खांद्याला धरलं तिनं, नेहमीपेक्षा जरा जास्तच घट्ट.

"सोडते कशाला? उलट पुढल्या सोमवारपासून नव्यानं धरते. मागल्या टायमाला नुसतं तुझ्या मनातलं मागितलं, माझी चूक झाली. आता तू परत यायचंस, असं सरळ नाव घेऊन सांगते देवाला."