कौशल्याचा राहिलेला पेपर

मोहाडीजवळच्या एका खेड्यातल्या तुलारामची लेक कौशल्या बी.ए.ला होती, आणि विषय काय घेतला होता म्हणाल, तर इतिहास! तोही आपला नाही, युरोपचा. मध्ययुग आणि प्रबोधनकाळ. गावात कोणाला समजावून सांगायचं म्हणजे डोक्याला ताप. आत्या ताराबाई विचारायची, "काय शिकून राहिली वं?"

"तिकडचे राजे, मठ, किल्ले."

"आपल्या इथले मेले का सारे?"

आत्याच्या तोंडाला कोण लागणार! तुलारामला मात्र लेकीचा भारी अभिमान. धानाच्या बांधीत चिखलात उभा असला तरी रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून सांगायचा, "आमची कौशल्या साता समुद्रापारचं वाचून राहिली."

आता खरं सांगायचं तर तिला त्यातलं मध्ययुगच आवडायचं. मठातले साधू हातानं पोथ्या उतरवायचे, विणकरांचे आपापले संघ असायचे, घंटा वाजली की सारं गाव कामाला लागायचं. हे वाचताना पोरगी जेवण विसरायची. झालेलीच पानं पुन्हा वाचायची. पुढचं प्रबोधन, ते चित्रकार, ते नवे शोध, ती छापखान्याची भानगड, सगळं 'बघू नंतर' म्हणून पडून होतं. पेपर एकच आणि अर्धे प्रश्न त्यातले, पण बाईसाहेब आपल्या मठातच रमलेल्या.

१९७५च्या उन्हाळ्यात कसलासा संप झाला आणि परीक्षा पुढे गेल्या. साकोलीच्या ईश्वरशी लग्न ठरलेलं, तारीख धरलेली. ती बदला म्हणायला व्याह्यांपुढे तोंड उघडायची तुलारामला भीड पडली. राहिलेलं वाचायचे दिवस पापड-शेवयांत आणि पाहुण्यांत गेले. शेवटचा पेपर आला तो नेमका हळदीच्या दुसऱ्या दिवशी.

हळद लागलेल्या नवरीनं गावाची वेस ओलांडायची नाही, ही तिथली रीत. ताराबाई उंबरठ्यावरच बसली. पण तुलारामनं सकाळीच बैलांची दमणी जुंपून दारात आणली.

"रीतगीत मी पाहून घेतो. मोहाडीहून भंडाऱ्याची बस धरू. चाल बाई, पेपर देऊन ये."

मांडवातले पाहुणे बघतच राहिले. बाप असावा तर असा! आणि कौशल्या? ती पिवळ्या हातांनी खांब धरून उभी. प्रबोधनाचं एक पान वाचलेलं नव्हतं. नापास झाली तर गावभर मिरवणाऱ्या बापाचं नाक कापलं जाणार. खरं सांगायची हिंमत होईना.

"नाई बाबा," ती म्हणाली. "हळदीच्या अंगानं वेस नाई ओलांडत मी."

ताराबाई खूश. तुलारामनं बैल सोडले.

पुढे साकोलीला शेजारणी हळहळायच्या, "रीतीपायी बुडालं बिचारीचं शिक्षण." ही मान खाली घालून ऐकून घ्यायची. बिचारी म्हणे! माहेरी गेली की बाप तिच्या डोळ्याला डोळा देत नसे. पेपर हा शब्दच त्या घरातून उठला. कौशल्याला वाटायचं, बाबा रुसले आपल्यावर. आणि खरं सांगणं दर वर्षी जास्तच जड होत गेलं.

१९८६ साली तुलारामनं अंथरूण धरलं. भेटायला येईल त्याला म्हणायचा, "लग्नाची तारीख मी धरली. मीच बुडवलं पोरीले." कौशल्याला ते ऐकवेना. एका दुपारी खाटेजवळ बसून तिनं सांगून टाकलं.

"बाबा, हळदीचं खोटं होतं. माझा अभ्यासच नोयता झाला. मी भेली होती."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच विचारलं,

"मंग दुसऱ्या साली काहून नाई बसली?"

"तुमी कधी विषयच नाई काढला, बाबा."

"कोणत्या तोंडानं काढू? मले वाटे, माझ्याच हातानं बुडालं, आता पुन्हा बस कसं म्हणू? नाई तं दरसाली दमणी जुंपली असती वं मी!"

कौशल्या ढसाढसा रडली. त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "यंदा बसशीन?"

"बसते, बाबा."

धानकापणीच्या आधीच तुलाराम गेला. परीक्षेचे दिवस आले तेव्हा कौशल्या साकोलीलाच होती. दारात कोणी दमणी आणली नाही, आणि तिच्यानं एकटीनं काही निघवलं नाही.