दादाने बनवलेली लाट

माझा थोरला भाऊ फ्रिज आणि एसी दुरुस्त करतो. लोकांच्या घरात गारवा आणायचा आणि स्वतः मात्र कायम घामाघूम, असं मी त्याला चिडवते. मी तापट आहे, दादा घाबरट. त्याची सगळी धावपळ भीतीपोटी असते आणि ती भीती एकाच माणसाभोवती फिरते, त्याच्या मुलीभोवती. तिला तो खारू म्हणतो. खारू सायकल शिकत होती तेव्हा तो सीट धरून मागे धावायचा, आणि तिला तोल सापडल्यावरही कितीतरी महिने धावत राहिला. शेजारी हसायचे. मीही हसले.

वहिनी वेगळी होऊन दुसऱ्या शहरात गेली तेव्हा खारू दादाकडे राहिली. आता तिची शाळा संपली होती आणि पुढे कुणाकडे राहायचं हे तिचं तिनेच ठरवायचं होतं. सुट्टीत ती आईकडे गेली आणि तिथे वेकबोर्डिंगच्या नादाला लागली. पायाला फळी बांधायची, धावत्या बोटीमागे दोर धरून उभं राहायचं आणि बोटीने उठवलेल्या लाटेवरून उड्या मारायच्या. फोनवर दादाला ती त्याच गप्पा सांगायची. "बाबा, लाट मोठी असली ना, की आपोआप उडायला होतं." एवढ्या बोलण्यातून दादाने एकच अर्थ काढला. लाट असेल तिथे पोरगी राहील.

आमच्याकडे एक मोटारबोट होती, घरच्या सहलींसाठी घेतलेली. मऊ गाद्या, वर कापडी छत, आणि पुढच्या टोकाला, म्हणजे नाकाच्या उघड्या भागात लहान मुलांना बसायला बाक. तळ्याच्या मध्यावर जाऊन डबे उघडायचे आणि परत यायचं, एवढाच तिचा संसार. तिच्यामागे जी लाट उठायची ती बशीतल्या चहावर फुंकर मारल्याएवढी.

दादाच्या डोक्यात खूळ शिरलं. बोट ट्रेलरवर घालून त्याने अंगणात आणली आणि दुकानातून आला की तिच्यातच शिरायचा. दोर उंचावरून ओढला गेला तर उडी चांगली बसते, म्हणून छत काढून तिथे लोखंडी पाइपची कमान उभी केली. बोट जड असेल तर लाट मोठी होते, म्हणून मागच्या गाद्या उचकटून पाणी भरायच्या जाड पिशव्या बसवल्या आणि त्या भरायला जुन्या वॉशिंग मशीनचा पंप जोडला. एकदा एकटाच तळ्यावर चालवून आला, तर मागच्या वजनाने बोट नाक वर करून चालू लागली, समोरचं काही दिसेना. मग एक पिशवी पुढच्या बाकाखालीही आली. जेवायला हाक मारली की "आलो, आलो" म्हणायचा आणि अन्न गार व्हायचं.

तळ्यावर चाचणीला मला घेऊन गेला. मी म्हटलं, "दादा, नाक पाण्याला टेकायला आलंय रे."

"तू मागे बघ. लाट बघ."

लाट खरंच उठली होती, कमरेएवढी, कडा अगदी स्वच्छ. दादाच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, म्हणून नाकाचा विषय पुन्हा काढला नाही.

सुट्टी संपता संपता एका रविवारी खारू परत आली. बोट बघून तिने तोंडावर हात ठेवला. "बाबा, तू हे एकट्याने केलंस?" दादा लाजला. तिने दोर ओढून पाहिला, पायाला फळी बांधली आणि मग त्याला नीट समजावलं. "मी पडले तर आत्या मला बघेल. मी हात वर केला म्हणजे ठीक आहे. लगेच वळायचं नाही हं. आधी वेग कमी कर, लाट निघून जाऊ दे, मग सावकाश ये."

"कळलं गं," दादा म्हणाला.

मी पाठमोरी बसून तिच्यावर नजर ठेवली. पोर उभी राहिली, डावीकडून उजवीकडे गेली, लाटेवरून उडाली. दुसऱ्यांदा उडाली ती पाठीवर आपटली. पाण्याखाली गेली, वर आली, खोकली आणि हसत हात वर केला.

"हात वर आहे," मी ओरडले. "दादा, सावकाश."

त्याने एका झटक्यात वेग तोडला आणि सुकाणू गर्रकन फिरवलं. तिच्यासाठी सुट्टीभर खपून बनवलेली ती लाट आमच्या मागून येतच होती. वळलेल्या बोटीने तिच्यात आपलं जड, उघडं नाक घातलं. पाणी आत आलं ते गुडघ्याला लागेपर्यंत मला कळलंच नाही. पुढचा भाग खाली गेला, आम्ही पाण्यात पडलो आणि थोड्याच वेळात कमानीचा वरचा पाइप तेवढा दिसत राहिला. अंगात लाइफ जॅकेट होती म्हणून वाचलो. दादाला नीट पोहता येत नाही. तो हातपाय झाडत ओरडत होता, "खारू, लागलं का? लागलं का तुला?"

खारूने पायातली फळी सोडली, आली, त्याच्या जॅकेटचा पट्टा धरला आणि त्याला ओढत काठाला आणलं.

काठावर तिघेही कुडकुडत बसलो. खारू म्हणाली, "बाबा, मी हात वर केला होता. दिसला नाही का?"

"दिसला."

"मग?"

दादा तिची आपटलेली पाठ चाचपून बघायला लागला. खारू रडायला लागली. "मी इथेच राहायचं ठरवून आले होते रे. पण तू मला पडूच देणार नाहीस. कधीच."

पुढच्या आठवड्यात ती आईकडे गेली. निघताना दादाला घट्ट मिठी मारली, रागाने नाही गेली. रागावली असती तर बरं झालं असतं, त्याला समजूत तरी काढता आली असती.

तिची गाडी वळल्यावर आम्ही पायरीवर बसलो. दादा म्हणाला, "तिकडे पडली तर कोण धावेल?"

"कोणी नाही धावणार. तिची ती उठेल."

त्याने मान हलवली. माझं म्हणणं त्याला पूर्ण पटलं होतं, आणि नेमकं तेच त्याला सोसवत नव्हतं.