गाळलेली पदवी

कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती, ह्यांचा डबा अर्धा भरलेला, आणि दार वाजलं. पोळी तव्यावर टाकून दार उघडलं, तर मागच्या खोलीतली ज्योत्स्ना. तिची विंचूरची एसटी धरायची वेळ ही. पण आज खांद्याला पर्स नाही, हातात फक्त घडी घातलेला कागद. कागद मी लगेच ओळखला. अक्षर माझंच होतं.

ज्योत्स्ना आमच्याकडे भाड्याने राहायला आली ती शहाण्णव साली, देवळ्याहून, एमबीए करायला. दोन वर्षांत पास झाली, अंबडच्या एका कारखान्यात विक्री विभागात लागली. आम्हाला वाटलं, झालं, मार्गी लागली पोरगी. पण तीन वर्षांनी तीच नोकरी सोडून दिल्लीला गेली, सार्वजनिक धोरणात एमए करायला. म्हणजे सरकार एखादा नियम कसा ठरवतं आणि तो खाली कुणाला कसा लागतो, याचं शिक्षण.

"एवढं शिकून परत कॉलेजात?" मी विचारलं होतं.

तेव्हा तिने लहानपणचं सांगितलं. वडिलांबरोबर कांद्याच्या ट्रॉलीवर बसून ती लासलगावला जायची. एकदा कुठल्याशा नव्या नियमावरून व्यापारी अडून बसले, लिलाव बंद पडला, दोन दिवस ट्रॅक्टरांची रांग उन्हात. "व्यापारी धंद्याचं बोलत होते, साहेब कायद्याचं. एकाचं दुसऱ्याला कळत नव्हतं, आणि बाबा मधे बसलेले. मला दोन्हीकडचं कळायला हवंय, काकू."

शिकून परत आली, तर कंपन्या म्हणाल्या, तुम्ही सरकारात जा. सरकारी कचेरीत म्हणाले, स्पर्धा परीक्षा देऊन या. शेवटी विंचूरला वाइनच्या कारखान्यात मार्केटिंगला लागली. मधूनच एखाद्या दिवशी लवकरची गाडी धरून आधी लासलगावला जायची, तासभर लिलाव बघायची, मग जीपने मागे विंचूरला.

"दर वेळी काय नवं असतं गं तिथे?"

"काही नाही. व्यापारी ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालून खालचा कांदा वर काढतात ना, ते बघते." लग्न झालेल्या मुलीने येताजाता माहेरचं दार बघावं, तशी ती तो बाजार बघून यायची.

गेल्या दिवाळीनंतर तिची आई, भागीबाई, आली. स्थळांना द्यायचा बायोडाटा माझ्याकडून लिहून घ्यायचा होता. नाव, देवक, उंची झाली. शिक्षणापाशी त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"बाई, हे दुसरं नका लिहू."

"का हो?"

"मागच्या स्थळानं इचारलं, एमबीएनंतर परत एमए? पहिल्यात नापास झाली व्हती का? आता त्यांना काय सांगू? पोरगी शिकली लय, पर मला सांगता येत नाय."

मला हसू आलं. तरीही मी नवा कागद घेतला आणि ती ओळ गाळून सगळं पुन्हा लिहिलं. पोरीला एकतिसावं लागलेलं; मलाही भागीबाईंचंच खरं वाटलं. त्याच्या झेरॉक्स भागीबाईंनी नेल्या; मूळ कागद ज्योत्स्नाने वाचून घडी घालून ठेवला.

तोच आज घेऊन ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी होती.

"रविवारी मुंबईचे येताहेत बघायला. लग्नानंतर मी तिकडेच नोकरी बघीन, असं आईने कळवून टाकलंय."

"मग?"

"बाजार समित्यांच्या कारभारावर काम करणारी एक संस्था आहे. त्यांना धंद्याचं आणि धोरणाचं, दोन्ही शिकलेलं माणूस हवंय. काम लासलगावला. मंगळवारी मुलाखत."

पोळी करपल्याचा वास आला. मी गॅस बंद केला. "घेतील तुला?"

"माहीत नाही. पण दोन्ही एकत्र कुणी मागितलंय, ते पहिल्यांदाच."

"आणि रविवारचे?"

"येऊ देत की. मुलगा चांगला आहे म्हणतात. पण हे काम मिळालं तर मी सोडणार नाही, ते मीच सांगीन त्यांना. निदान मी कोण, ते वाचून तरी येऊ देत."

तिने कागद ओट्यावर पसरला, हाताने घडी सपाट केली, आणि एमबीएच्या खालची मोकळी जागा मला दाखवली.

"काकू, माझी दुसरी पदवी परत लिहून द्या."